उघडं दार

मंडळी, या वीकेंडला पुन्हा इतिहास. कोडिंगवाल्यांनी पुढच्या शनिवारी यावं :)

गेले दोन शनिवार-रविवार एका जाडजूड पुस्तकात गेले. पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार. मूळ इंग्रजीत आहे. सिस्टर जेराल्डीन नावाच्या एका इंग्लिश ननने तो जमवून ठेवला होता आणि १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली आपल्याच राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने तो छापला. स्त्रीशिक्षणाचा इतिहास म्हणून वाचायला घेतला, पण डोक्यात राहिला तो वेगळाच प्रश्न. देवासमोर खरं वागायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आणि ज्यांच्या पैशावर, ज्यांच्या घरात आपण राहतो, त्यांना ते खरं आवडलं नाही तर?

आधी थोडी शब्दांची गंमत. मराठीत सोंग आणि ढोंग हे दोन वेगळे शब्द आहेत. दशावतारात रात्रभर राजा झालेला माणूस सकाळी टपरीवर चहा पिताना दिसला तर कुणाला राग येत नाही. सोंग घेतलंय हे सगळ्यांना माहीत असतं. ढोंग मात्र फक्त करणाऱ्यालाच माहीत असतं, आणि कधीकधी त्यालाही नसतं. ग्रीकमध्ये हुपोक्रितेस या शब्दाचा अर्थ नट. नव्या करारात येशू ज्यांना ढोंगी म्हणतो, त्यांच्यासाठी हाच शब्द आलाय. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात त्याने अशा नटांची यादीच दिली आहे. दान करताना दवंडी पिटणारे, चौकात उभं राहून प्रार्थना करणारे, उपास आहे हे कळावं म्हणून तोंड उतरवून फिरणारे. त्यावर त्याचा सल्ला साधा आहे: प्रार्थना करायची तर खोलीत जा आणि दार लावून घे.

हे दार लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट लूकच्या अठराव्या अध्यायातली. एक परूशी आणि एक जकातदार मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा, समाजात मान असलेला माणूस. त्याची प्रार्थना म्हणजे आपला अप्रेझलचा सेल्फ-रेटिंग फॉर्म. आठवड्यातून दोनदा उपास, उत्पन्नाचा दहावा हिस्सा दान, आणि शेजारच्या क्युबिकलमधल्या त्या अमक्यासारखा मी नाही. जकातदार वर मान करायलाही तयार नाही. तो फक्त दया मागतो. येशू म्हणतो, देवाला पटला तो जकातदार. आता यात एक मेख आहे. परूशी खोटं बोलतच नाहीये! तो खरोखर उपास करतो, खरोखर दान देतो. म्हणजे ढोंग हे फक्त खोट्या वाक्यात नसतं. वाक्य खरं असूनही ते कुणाला ऐकवण्यासाठी म्हटलंय, त्यात असतं.

आता रमाबाईंकडे.

शाळेच्या पुस्तकात त्या चार ओळींत संपतात. १८५८ चा जन्म, वडील अनंतशास्त्री डोंगरे, संस्कृतच्या पंडिता, शारदा सदन, मुक्ती मिशन. गुण दोन. पण या चार ओळींच्या मधल्या जागा भयंकर आहेत. अनंतशास्त्रींनी लोकांचा रोष पत्करून आधी बायकोला आणि मग तिच्याकरवी मुलीला संस्कृत शिकवलं. सगळं कुटुंब तीर्थाटन करत, देवळांतून पुराण वाचत हिंडायचं. लोक देतील त्यावर पोट. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण असे तिघंही गेले. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं शेकडो मैल पायी हिंडले आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या.

या भटकंतीतला एक प्रसंग त्यांनी स्वतः पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मकथनात दिलाय. एका तीर्थाच्या तळ्यात तरंगणारे डोंगर होते. ज्याचं पाप फिटलं त्याच्याकडे म्हणे ते डोंगर सरकत यायचे. पाण्यात उतरू नका, मगरी आहेत, असं पुजारी सांगायचे. श्रीनिवास एकदा कुणी नसताना उतरलाच. बघतो तर तराफ्यांवर माती-दगड रचून वर झाडं लावलेली. इशारा झाला की मागून कुणीतरी ते हलवायचं. या बाईंचं ढोंगाशी वैर किती जुनं होतं हे कळावं म्हणून हा प्रसंग सांगितला. पुढे त्यांनी धर्म बदलला, पण तराफ्याखाली बघायची सवय काही सुटली नाही. नव्या धर्मातही त्या वाकून बघतच राहिल्या.

१८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी दुसऱ्या जातीत, नोंदणी पद्धतीने लग्न केलं. दोन वर्षांत कॉलऱ्याने नवराही गेला. कडेवर मनोरमा. १८८२ मध्ये पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, सरकारच्या शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. पुण्यात पंचहौद मिशनच्या सिस्टर्सशी ओळख झाली आणि त्या ओळखीवर १८८३ मध्ये इंग्लंडला, वाँटेज नावाच्या गावातल्या त्यांच्या मठात गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण कानाने कमी ऐकू येत असल्याने ते जमलं नाही. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांनी आणि छोट्या मनोरमेने तिथेच बाप्तिस्मा घेतला. त्याच्या थोडंच आधी, सोबत आलेल्या मैत्रिणीने, आनंदीबाई भगत यांनी, त्याच घरात विष घेऊन जीव दिला होता. धर्मांतराच्या धास्तीने त्यांचं मन बिघडलं होतं असं सांगतात. हा बाप्तिस्मा किती शांत किंवा किती अशांत मनाने झाला असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

पुण्यात अर्थातच गदारोळ झाला. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’ काढून रमाबाईंची बाजू घेतली, पण ते अपवाद. बाकी सूर एकच. बाई विकली गेली, सोयीसाठी बाटली, हिची श्रद्धा कसली.

एक मिनिट हा आरोप खरा धरून चालू. इंजिनिअरिंगच्या सवयीने विचारतो: सोयीसाठी धर्म बदललेली व्यक्ती पुढची दोन वर्षं कशी वागेल? ज्यांच्या घरात राहते, ज्यांच्या पैशावर शिकते, आपली मुलगी ज्यांच्या सांभाळात आहे, त्यांना खूश ठेवेल. बरोबर? आता पत्रं उघडा.

१८८४ ला रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथे शिकायचं आणि थोडं शिकवायचंही. मनोरमा बराचसा काळ वाँटेजच्या सिस्टर्सकडे. आणि या काळात सिस्टर जेराल्डीनशी, म्हणजे ज्यांना त्या धर्मातली आई मानत त्यांच्याशी, रमाबाईंचं प्रत्येक गोष्टीवरून वाजलेलं दिसतं.

पहिली गोष्ट जेवण. रमाबाई शाकाहारी होत्या आणि तशाच राहिल्या. जेराल्डीनना वाटलं, हा जातीचा जुना अभिमान आहे, ख्रिस्ती झाल्यावर तो टाकून द्यायला हवा. रमाबाईंचं म्हणणं, माझ्या ताटात काय आहे याचा माझ्या श्रद्धेशी काय संबंध?

दुसरी गोष्ट क्रूस. सिस्टर्सच्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंना लॅटिनचं काही पवित्र वाटेना. आमची संस्कृत काय कमी जुनी आहे? त्यांना आपल्या क्रूसावर संस्कृत शब्द हवे होते. वरवर पाहिलं तर किरकोळ बाब, पण मुद्दा नेमका आहे. जे अक्षर मला कळत नाही ते मी गळ्यात घालून मिरवू कशाला?

तिसरी गोष्ट शिकवण्याची. चेल्टनहॅमला त्यांनी भारतात जाणाऱ्या इंग्लिश तरुणांना इथल्या भाषा शिकवाव्यात असा विचार निघाला. मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने परक्या पुरुषांना शिकवलं हे भारतात कळलं तर तिचं वजन जाईल, असं त्यांचं मत. रमाबाई भडकल्या. माझ्या वडिलांना आणि नवऱ्याला ज्यात गैर वाटलं नाही ते तुम्हाला वाटतंय, याचं त्यांना नवल वाटलं. मला माझी बुद्धी आहे, सदसद्विवेक आहे, माझा निर्णय मला घेऊ द्या, असा त्यांच्या उत्तराचा मथितार्थ.

चौथी गोष्ट मात्र थेट मुळाशी जाणारी. अँग्लिकन चर्चमध्ये उपासनेच्या वेळी श्रद्धेची प्रतिज्ञा एका सुरात म्हणतात. त्याला क्रीड म्हणतात. त्यातली एक अथनेशियसच्या नावाने ओळखली जाते. वर्षातल्या काही ठराविक सणांना ती म्हणायचा नियम होता. त्यात त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, याचा बारकाईने खुलासा आहे आणि हे जसंच्या तसं न मानणाऱ्याचा कायमचा नाश होईल असं बजावलेलं आहे. रमाबाईंना हे पटेना. येशूवर त्यांचा जीव जडला होता, पण त्रैक्य, येशूचं देवत्व, त्याचा चमत्काराने झालेला जन्म, या सगळ्यांबद्दल त्यांच्या मनात शंका होत्या. आणि शंका आहे तोवर शंका आहे असं म्हणायचं, असा त्यांचा खाक्या. आपल्या लहान मुलीलाही ही गुंतागुंतीची मतं आत्ताच पढवू नका, असं त्यांनी सिस्टर्सना बजावलं. मे १८८५ च्या एका पत्रात त्या सरळ सांगतात की ख्रिस्ताच्या मंडळीत मी आहे, पण पाद्री किंवा बिशप बोलतील तो प्रत्येक शब्द मानायला मी बांधलेली नाही. भारतातल्या पुरोहितांचं जोखड एवढ्या कष्टाने उतरवलंय, ते काय लगेच दुसरं मानेवर घ्यायला?

आता आपला मूळ प्रश्न. प्रार्थनागृहात शंभर माणसं क्रीड म्हणतायत. आपण ओठ हलवले तर कुणाला कळणार आहे? आपण सगळेच हे करतो. आई म्हणते म्हणून सत्यनारायणाला बसतो, ऑफिसात दसऱ्याला सर्व्हरला हळद-कुंकू लावतो, शोकसभेत डोळे मिटून दोन मिनिटं उभे राहतो आणि मनात ईएमआयचा हिशोब करतो. बहुतेक वेळा यात पाप वगैरे काही नसतं, माणसांची मनं राखायची असतात एवढंच. पण रमाबाईंच्या डोळ्यांसमोर तो तराफा होता. देवाच्या नावाने म्हटलेलं वाक्य आतून खरं नसेल, तर आपणही डोंगर हलवणाऱ्यांत जमा होतो, असा मी त्याचा अर्थ लावतो.

जेराल्डीनची बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेखच एकतर्फी व्हायचा. त्यांना रमाबाईंत अहंकार दिसत होता, आणि तो शब्द त्यांनी जपून वापरला नाही. पण त्यांचा मुद्दा पोकळ नाही. माणूस स्वतःच्या मनाला फार लवकर प्रामाणिक ठरवतो. आज मला हे पटत नाही, एवढ्यावर अठराशे वर्षांची परंपरा नाकारायची, यात नम्रता कुठे आहे? परंपरेला मान देता देता एखाद्या दिवशी अर्थ उमगेल, म्हणून आधी म्हणत राहा, हाही श्रद्धेचा एक जुना मार्ग आहे. आपल्याकडेही नामस्मरण करणारे हेच सांगतात. आणि एका गोष्टीसाठी मी जेराल्डीनना मानतो. ज्या पत्रांत रमाबाईंनी त्यांना खडे बोल सुनावलेत, ती पत्रं त्यांनी फाडली नाहीत. नीट जपली, ओळीने लावली. म्हणून तर आपण ती वाचतोय.

पुढचा भाग भराभर सांगतो. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तिथेच रमल्या. गावोगावी व्याख्यानं दिली, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं. त्याच वर्षी बॉस्टनला त्यांच्या नावाची संस्था निघाली आणि बालविधवांच्या शाळेसाठी पैसा उभा राहिला. अट एकच, शाळेत धर्मप्रचार करायचा नाही. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. सल्लागारांत न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं. मुलींना आपापलं सोवळं-ओवळं पाळायची मुभा. सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. याच गोदूबाईंनी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि त्या आनंदीबाई कर्वे झाल्या. त्या सदनात राहिल्या, शिकल्या आणि हिंदूच राहिल्या.

आणि इथे १८९१ चा काटा येतो.

रमाबाई आता ३३ वर्षांच्या. जगभर नाव, बाप्तिस्म्याला आठ वर्षं झालेली. त्यांच्या हातात विल्यम हॅसलम या इंग्लिश पाद्र्याचं आत्मचरित्र आलं. हॅसलमची गोष्ट अशी. हा कॉर्नवॉलमधल्या बाल्ड्यू गावचा पाद्री. विधी, चर्चची सजावट, परंपरा, सगळ्यात अगदी काटेकोर. वाँटेजच्या सिस्टर्स ज्या विधीप्रिय वळणाच्या, त्याच वळणाचा. १८५१ मध्ये एका रविवारी तो प्रवचनाला उभा राहिला. विषय मत्तयमधलाच, येशू परूश्यांना विचारतो की ख्रिस्ताबद्दल तुम्हाला काय वाटतं? परूश्यांना कसं काहीच कळलं नव्हतं हे समजावून सांगता सांगता त्याच्या लक्षात आलं की अरे, हे तर माझंच वर्णन चाललंय! तो तिथेच, व्यासपीठावरच बदलला. लोकांतून कुणीतरी ओरडलं की पाद्रीबुवांचंच धर्मांतर झालं!

हे वाचून रमाबाई हादरल्या. आत्मकथनात त्या लिहितात की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडलाच नव्हता, हे आठ वर्षांनी कळलं. पुस्तकी पटण्यापलीकडे आपण गेलोच नव्हतो.

मला हे वाक्य सगळ्या पत्रव्यवहाराहून धाडसी वाटतं. जरा विचार करा. १८८३ पासून पुण्यातले लोक म्हणत होते की हिचा ख्रिस्ती धर्म वरवरचा आहे. जेराल्डीन वेगळ्या कारणाने तेच म्हणत होत्या. आणि आता ही बाई स्वतः छापून सांगते की हो, अपुराच होता. दोन्हीकडच्या विरोधकांच्या हातात आयतं कोलीत! गंमत अशी की चर्चच्या ज्या शिकवणीवर त्या अडून बसल्या होत्या, त्यातली बरीचशी त्यांनी पुढे मनापासून स्वीकारली. पण स्वीकारली ती पटल्यावर. १८८५ मध्ये सगळ्यांबरोबर ओठ हलवले असते, तर १८९१ मध्ये आपल्यात काय बदललं हे त्यांना स्वतःलाच कळलं नसतं.

पण आतलं बदललं की ते बाहेर दिसतं. आणि तिथेच पुढचं भांडण पेटलं.

सदनात रमाबाई रोज स्वतःच्या खोलीत मुलीबरोबर प्रार्थना करायच्या. दार उघडं ठेवून. सदनातल्या काही मुली येऊन बसायच्या. कुणाला बोलावलं नव्हतं, कुणाला हाकललंही नाही. बातमी बाहेर फुटली. ‘केसरी’ने झोड उठवली. धर्मप्रचार करणार नाही म्हणून मुली घेतल्या आणि आता मागच्या दाराने बाटवताय? सल्लागारांनी सुचवलं की निदान प्रार्थनेच्या वेळी दार लावून घ्या. रमाबाईंनी साफ नकार दिला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आणि सल्लागार मंडळ राजीनामे देऊन मोकळं झालं. वीस-पंचवीस मुली घरच्यांनी काढून नेल्या. सदन बसेल अशी वेळ आली. बॉस्टनची मंडळी पाठीशी राहिली म्हणून ते तगलं.

आता ते लक्षात ठेवलेलं दार आठवा. येशू सांगतो, प्रार्थना करताना दार लाव. रानडे-भांडारकरही तेच सांगतायत, अगदी वेगळ्या कारणाने का असेना. आणि येशूच्या पायाशी नुकतीच खऱ्या अर्थाने बसलेली बाई म्हणते की दार उघडंच राहील! शब्दशः वाचलं तर ती बायबलच मोडतेय.

मला उत्तर असं दिसतं. मत्तयमधल्या माणसाला उघड्या दाराची हौस आहे, कारण बाहेर वाहवा करणारे उभे आहेत. दार लावलं की त्याचे प्रेक्षक जातात आणि उरतो फक्त देव. १८९३ च्या पुण्यात उलटी परिस्थिती होती. उघड्या दाराबाहेर टीका, राजीनामे आणि रिकामे वर्ग उभे होते. वाहवा मिळवायची तर दार लावणं सोपं होतं. आत काय चाललंय ते सगळ्यांना माहीत, पण दिसत नाही म्हणून सगळे समाधानी. म्हणजे दार लावणं हाच तिथे अभिनय झाला असता. दोन्ही ठिकाणी कसोटी एकच, आपण हे कुणाला दाखवायला करतोय? पहिल्या दाराचं उत्तर ‘लाव’ आणि दुसऱ्याचं ‘उघड’.

पण एवढ्यावर रमाबाईंना पूर्ण मार्क देऊन मोकळं होता येत नाही. आईबाप आणि सल्लागार वेडे नव्हते. शाळेत धर्म शिकवणार नाही, हा शब्द दिला गेला होता. दहा-बारा वर्षांची विधवा पोर, जिला घरात कुणी विचारत नव्हतं, तिच्याशी मायेने बोलणारी एकमेव बाई रोज उघड्या दारात प्रार्थना करते. हा प्रचार नाही? कायद्याने नसेल, परिणामाने आहेच. पुढे सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, हेही खरं. रमाबाईंचं म्हणणं एवढंच की मी लादणार नाही असा शब्द दिला होता, लपवेन असा नव्हता. दोन्ही बाजूंचं बरोबर असू शकतं, हे मान्य करायला मला तरी वेळ लागला नाही. प्रामाणिकपणाचं बिल कधीकधी तिसराच भरतो. इथे ते परत घरी, वपनाच्या आणि अंधाऱ्या खोलीच्या दिशेने नेल्या गेलेल्या मुलींनी भरलं.

रानड्यांबद्दलही दोन शब्द. १८९० मध्ये त्याच पंचहौद मिशनमध्ये पुण्यातली बडी मंडळी व्याख्यानाला गेली, तिथे चहा-बिस्किटं समोर आली, आणि त्या चहावरून ग्रामण्य झालं. अखेर १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. चहा पिण्यात पाप आहे असं त्यांना वाटत होतं थोडंच! त्यांच्यावर ढोंगाचा शिक्का तेव्हाही बसला. पण आपल्यामुळे सोबत्यांची घरं अडचणीत येऊ नयेत, समाजाला बरोबर घेऊनच पुढे जावं, ही त्यांची रीत. मला ते ढोंगी वाटत नाहीत. फक्त दार लावायला सांगणारा माणूस कुठून बोलत होता ते कळतं. त्यांना सगळे एका घरात राहायला हवे होते. रमाबाईंनी एकामागून एक घरं सोडली होती, त्यांना ती भीती उरली नव्हती.

पुढे दुष्काळ आला. १८९६-९७ मध्ये रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली-बायका आणल्या आणि केडगावच्या माळावर मुक्ती उभं राहिलं. तिथे १९०५ मध्ये मोठं धार्मिक जागरण झालं. मुली एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करायच्या, रडायच्या, आपली पापं कबूल करायच्या. काही गोऱ्या पाहुण्यांना तो गोंगाट खटकला. रमाबाईंचं मत असं की भारतीयांना त्यांच्या स्वभावाप्रमाणे देवापुढे व्यक्त होऊ द्या, परक्या शिस्तीचा अंगरखा कशाला? क्रूसावर संस्कृत मागणारी तीच बाई, वीस वर्षांनी.

आणि शेवटचं काम तर मला खास आपल्या धंद्यातलं वाटतं. उपलब्ध मराठी बायबल साध्या बायकांना कळत नाही म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं बायबल मुळातून सोप्या मराठीत आणायला बसल्या. वर्षानुवर्षं. छपाई मुक्तीतच, तिथल्याच बायकांच्या हातून. १९२१ मध्ये मनोरमा गेली. तरी काम चालू. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळं झालं होतं. या कामामागचा हट्ट मला ओळखीचा वाटला. कळत नाही ते वाक्य तोंडात घ्यायचं नाही, आणि दुसऱ्याच्याही तोंडात घालायचं नाही.

बाकी देव आहे की नाही, त्रैक्य खरं की खोटं, यावर कॉमेंट्समध्ये मारामारी करू नका प्लीज, ते माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. मला एवढंच म्हणायचंय की देव न मानणाऱ्यालाही ही पत्रं वाचताना अस्वस्थ व्हायला होतं. आपण दिवसभरात किती वाक्यं नुसते ओठ हलवून म्हणतो, याची मोजदाद आपोआप सुरू होते. सोमवारच्या स्टेटस कॉलपासूनच :)

केडगाव पुण्याहून दौंडच्या वाटेवर आहे, लोकल थांबते. मुक्ती अजून चालू आहे. कधी त्या बाजूला गेलात तर बघा.

चला, पुढच्या वीकेंडला भेटूच. इतिहास नसेल, वचन देतो!